हिवाळ्यातला आठवड्याचा हवामान अंदाज कसा वाचावा? मध्य महाराष्ट्रासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उलटून पहाटे अंगणात पाय गार पडू लागले, की "येत्या आठवड्यात थंडी किती?" हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. निफाड तालुक्यात कादवा नदीच्या खोऱ्यात आमची द्राक्षबाग आहे. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात हवामान विभागाचा अंदाज वाचणे हे माझ्यासाठी रोजचे कामच झाले आहे. शेजारपाजारचे शेतकरी, पुण्या-मुंबईचे नातेवाईक आणि सहलीला निघालेले मित्र यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

सात दिवसांच्या अंदाजातील सातही दिवस सारखेच भरवशाचे असतात का?

नसतात, आणि अंदाजावर चिडणाऱ्यांपैकी बहुतेकांची गफलत येथेच होते. पहिल्या दोन दिवसांचा अंदाज आकड्यानिशी धरून चालण्यास हरकत नसते. तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत तापमान चढणार की उतरणार, आकाश निरभ्र राहणार की ढगाळ, ही दिशा बहुधा बरोबर निघते, पण आकडा दोन-तीन अंशांनी इकडेतिकडे होऊ शकतो. सहाव्या आणि सातव्या दिवसाकडे मी केवळ पूर्वसूचना म्हणून पाहतो आणि त्यावर मजूर किंवा फवारणीचा माल ठरवत नाही. अंदाज रोज नव्याने निघतो, त्यामुळे सोमवारी वाचलेला शनिवारचा अंदाज गुरुवारी पुन्हा पाहणे भागच असते. दर गुरुवारी हवामान विभाग पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाजही देतो. त्यातून एखाद्या दिवसाचे तापमान कळत नाही. तो आठवडा सरासरीपेक्षा थंड जाईल की उबदार, एवढेच त्यातून समजते.

मी जळगावचा आहे. अंदाजात 'उत्तर महाराष्ट्र' सापडतच नाही. मी काय वाचावे?

आपण 'मध्य महाराष्ट्र' वाचावे. हवामान विभागाच्या लेखी राज्याचे कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे भाग पडतात, आणि त्यांपैकी मध्य महाराष्ट्र हा उपविभाग नंदुरबार, धुळे, जळगावपासून नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, सोलापूर करीत थेट कोल्हापुरापर्यंत जातो. तापीकाठची केळी आणि पंचगंगेकाठचा ऊस यांना एकाच वाक्यात गुंडाळणारा हा उपविभाग असल्यामुळे 'मध्य महाराष्ट्रात थंडी वाढणार' एवढ्या वाक्यावरून धुळ्याच्या माणसाने किंवा कोल्हापूरच्या माणसाने काहीही ठरवू नये. जिल्हानिहाय तक्ता वेगळा असतो आणि तोच उघडावा. उत्तरेकडून येणारे थंड वारे आधी खानदेशात शिरतात आणि दक्षिणेकडे सरकताना बोथट होत जातात, त्यामुळे एकाच लाटेत धुळे ६ अंशांवर आणि कोल्हापूर १४ अंशांवर असणे यात नवल काही नाही.

"किमान तापमानात २ ते ३ अंशांनी घट होईल" या वाक्याचा अर्थ काय?

हे वाक्य तापमान किती असेल हे सांगत नाही, किती बदलेल हे सांगते. आज आपल्याकडे १४ अंश असेल तर ते ११ ते १२ वर येईल, आणि आज ९ असेल तर ६ ते ७ वर येईल. म्हणून आजचा आकडा माहीत नसलेल्याला या वाक्याचा काहीच उपयोग नाही. किमान तापमानाची नोंद सकाळी साडेआठ वाजता घेतली जाते, मात्र तो आकडा त्या वेळचा नसून सरलेल्या रात्रीतील नीचांक असतो. हा नीचांक बहुधा सूर्योदयाच्या आसपास गाठला जातो. आपल्याकडे सर्वांत उशिरा सूर्योदय जानेवारीच्या मध्याला, म्हणजे सव्वासातच्या सुमारास होतो, त्यामुळे संक्रांतीच्या दिवसांत सकाळी साडेसहाला शाळेसाठी निघणारी मुले दिवसातल्या जवळजवळ सर्वांत गार वेळेत रस्त्यावर असतात.

अंदाजात सतत 'पश्चिमी झंझावात' येतो. काश्मीरमधील बर्फाचा आमच्या थंडीशी काय संबंध?

संबंध थेट आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून निघालेले कमी दाबाचे पट्टे इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करीत वायव्य भारतात पोहोचतात. त्यांनाच पश्चिमी झंझावात किंवा पश्चिमी विक्षोभ म्हणतात, आणि महिन्याला सरासरी ४ ते ६ झंझावात येतात. त्यांच्यामुळे हिमालयात बर्फ आणि पंजाब-हरियाणात पाऊस पडतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असते ते त्यांच्या आधीचे आणि नंतरचे हवामान.

झंझावात जवळ येऊ लागला, की आपल्याकडील उत्तरेचा वारा खंडित होतो, दक्षिणेकडून किंवा समुद्राकडून दमट हवा येऊ लागते, उंचावर पांढुरके ढग दिसतात आणि रात्रीचा पारा दोन-चार अंशांनी वर सरकतो. "थंडी गेली वाटतं" असे लोक म्हणू लागतात ते याच वेळी. तो पूर्वेकडे सरकल्यावर आकाश धुऊन निघते आणि बर्फाळ प्रदेशावरून आलेला कोरडा वारा राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश ओलांडून खानदेशात उतरतो. पंजाब-राजस्थानात पारा घसरल्यानंतर साधारण एक-दोन दिवसांत त्याची झळ, अर्थात गारव्याची, आपल्याला लागते. त्यामुळे सात दिवसांच्या अंदाजात 'वायव्य भारतात पश्चिमी झंझावात' असे वाचले, तर आठवड्याचा पूर्वार्ध उबदार आणि उत्तरार्ध गारठ्याचा असा आराखडा मी मनाशी बांधतो. दोन झंझावात पाठोपाठ आले तर मधल्या काळात थंडीला पाय रोवायला वेळच मिळत नाही, आणि डिसेंबर असूनही पंखा लावावा लागतो.

अंदाजात ९ अंश होते, माझ्या शेतात ५ भरले. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नाही. आमच्याकडे दोन तापमापक आहेत. एक घराच्या ओट्यावर भिंतीला आणि दुसरा नदीकडच्या बांधावर, खांबाला छातीच्या उंचीवर टांगलेला. दोहोंत चालून जायला पाच मिनिटे लागतात आणि जमिनीचा उतार डोळ्यांना जाणवेल इतकाही नाही, पण जानेवारीतल्या शांत पहाटे ओट्यावर साडेनऊ आणि बांधावर पाच अंश असे मी अनेकदा पाहिले आहे. अशा वेळी बांधालगतच्या ठिबकच्या नळ्यांवर पांढरी साय धरलेली असते आणि घराशेजारच्या नळ्या नुसत्या ओल्या असतात.

निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, आणि वारा नसेल तर ही जड हवा पाण्यासारखी उताराकडे वाहत जाऊन नदीकाठी, ओढ्यात, खोलगट भागात साचते. त्यामुळे उंचावर तुलनेने ऊब आणि खाली गारठा असा उलटा प्रकार होतो. महाबळेश्वरच्या बातम्या याचे उत्तम उदाहरण आहेत. दरवर्षी वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे छापून येतात आणि त्याच दिवशी गावातील वेधशाळेत मात्र पारा शून्याच्या कितीतरी वर असतो. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात.

मोजण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत असतो, तर गवताच्या पात्याजवळचे तापमान त्यापेक्षा काही अंशांनी कमी असते. पेटीत ४ अंश असताना पात्यावरचे दव गोठू शकते ते त्यामुळेच. निफाडचा जो आकडा वर्तमानपत्रांत येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील असतो आणि नाशिक शहरातील आकड्यापेक्षा तो बहुधा कमीच भरतो. पुण्यातही शिवाजीनगर, पाषाण आणि मगरपट्टा यांचे एकाच सकाळचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. सिमेंट-काँक्रीट दिवसभराची उष्णता रात्री सावकाश सोडत राहते, त्यामुळे दाट वस्तीचा भाग उबदार राहतो. सोलापूर म्हटले की लोकांना ऊनच आठवते, पण त्याच जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातले जेऊर राज्यातील सर्वांत कमी तापमानाच्या ठिकाणांमध्ये वारंवार झळकते.

यावर उपाय स्वस्त आहे. आठ-दहा दिवस आपल्या शेतातील पहाटेचा आकडा आणि जवळच्या केंद्राचा आकडा शेजारी-शेजारी लिहावेत. निरभ्र रात्री पडणारा फरक जवळपास ठरावीक निघतो, आणि तो पुढे अंदाजातून वजा करावा. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री हा फरक जवळजवळ नाहीसा होतो, हेही लक्षात ठेवावे.

'थंडीची लाट' केव्हा म्हणतात? बातम्यांत तर ती रोजच असते.

बातम्यांतील लाट आणि हवामान विभागाची लाट यांत अंतर आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असावे लागते आणि शिवाय ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी खाली असावे लागते. घट ६.४ अंशांपेक्षा अधिक असेल तर तीव्र लाट म्हणतात. सरासरी काहीही असो, पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली गेला तर लाट आणि २ अंशांवर किंवा त्याखाली गेला तर तीव्र लाट. किनारपट्टीसाठी १० ऐवजी १५ अंशांची अट आहे. याखेरीज उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस अशी स्थिती राहिली, तरच दुसऱ्या दिवशी लाट जाहीर केली जाते.

समजा, एखाद्या गावाची त्या दिवसाची सरासरी १०.५ अंश आहे आणि पारा ७ वर आला. हात बधिर होतील, शेकोट्या पेटतील, पण घट साडेतीन अंशांचीच असल्यामुळे ही व्याख्येनुसार लाट नव्हे. उलट १४ अंश सरासरी असलेल्या ठिकाणी ९ अंश म्हणजे लाट. ही सरासरी सध्या १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या नोंदींवरून काढलेली आहे.

पिवळा इशारा आला म्हणजे घाबरावे का?

घाबरू नये, लक्ष ठेवावे. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे घडामोडींवर नजर ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. थंडीच्या पिवळ्या इशाऱ्यात वयोवृद्ध, तान्ही बाळे आणि उघड्यावरची जनावरे यांची सोय पाहावी. शेगडी किंवा कोळशाची पाटी बंद खोलीत पेटवून झोपू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला काहीच कळत नाही.

ढगाळ हवामानात रात्री उबदार आणि दिवस गार, असे उलटे का होते?

ढग हे आकाशावर ओढलेल्या गोधडीसारखे काम करतात. रात्री जमिनीची उष्णता ते अडवून ठेवतात, त्यामुळे किमान तापमान फारसे उतरत नाही. दिवसा तीच गोधडी सूर्याला अडवते आणि कमाल तापमान घसरते. त्यात पाऊस आणि वारा मिसळला तर स्थिती किमान तापमानाच्या आकड्यावरून ओळखू येत नाही आणि म्हणूनच अधिक घातक ठरते. डिसेंबर २०२१ च्या आरंभी अवकाळी पाऊस आणि गार वारे यांत जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यांत मोठ्या संख्येने मेंढ्या दगावल्या. तेव्हा रात्रीचा पारा काही विक्रमी खाली नव्हता. भिजलेली लोकर आणि अंगावर येणारा वारा यांनी घात केला. मेंढपाळांनी आठवड्याच्या अंदाजात किमान तापमानाआधी पाऊस आणि वाऱ्याचा रकाना पाहावा, असे मी आवर्जून सांगतो.

अवकाळी पाऊस किंवा गारपीट आठवडाभर आधी कळू शकते का?

शक्यता कळते, गाव कळत नाही. उत्तरेकडून पश्चिमी झंझावाताचा पट्टा खाली झुकलेला असेल आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प येत असेल, तर हे दोन्हीकडचे वारे जेथे भिडतात तेथे विजांसह पाऊस होतो. वरच्या थरांत हवा पुरेशी थंड असेल तर गाराही पडतात. हे भिडणे चार-पाच दिवस आधी दिसू लागते. अंदाजात तेव्हा 'तुरळक ठिकाणी' हा शब्द येतो, आणि त्याचा अर्थ असा की त्या क्षेत्रातील जास्तीत जास्त पाव हिश्श्यातील केंद्रांवर पाऊस पडेल. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊण हिश्श्यापर्यंत. म्हणजे तुरळक म्हटल्यावर आपल्या गावात पाऊस न पडणे हीच शक्यता मोठी असते. पण तो ज्याच्या बागेत पडतो त्याला या हिशेबाचे सांत्वन नसते. २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीत निफाडमधील काही गावांत बागा झोडपून निघाल्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट तर राज्यभरातील शेतकरी अजून विसरलेले नाहीत. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले 'दामिनी' हे ॲप ऐनवेळी उपयोगी पडते. मात्र त्याची सूचना मिनिटांच्या हिशेबाची असते, दिवसांच्या नव्हे.

दव आणि धुके पडणार हे अंदाजावरून कसे ओळखावे?

निरभ्र आकाश, मंद वारा आणि हवेत पुरेसे बाष्प, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ओळखावे. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आकाश मोकळे झाले तर पहाटे धुके जवळजवळ ठरलेलेच. दृश्यमानता १००० मीटरच्या आत आली की धुके म्हणतात, आणि ती २०० मीटरच्या आत आली तर दाट धुके. कसारा घाट किंवा समृद्धी महामार्गाने पहाटे निघणाऱ्यांनी धुक्याचा रकाना पाहूनच निघावे. अगदी कोरड्या उत्तरेच्या वाऱ्यात मात्र दव पडत नाही. दव पडताना बाष्प थोडी उष्णता सोडते आणि पारा घसरण्याचा वेग मंदावतो. कोरड्या रात्री हा अडसर नसल्यामुळे पारा पहाटेपर्यंत घसरतच राहतो.

या अंदाजावरून पिकांसाठी काय करावे?

द्राक्षाच्या बाबतीत दोन निराळ्या भीती आहेत. ढगाळ आणि दमट आठवडा असेल तर डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग, आणि निरभ्र कडाक्याचा आठवडा असेल तर मण्यांची फुगवण थांबणे, साखर भरत आलेल्या घडांत मणी तडकणे, तसेच पांढऱ्या वाणांत मणी गुलाबी पडणे. दिवसा २८ आणि पहाटे ७ असा मोठा फरक सलग राहिला की हा गुलाबीपणा वाढतो, म्हणून निर्यातीच्या बागांत घडांना कागद गुंडाळतात. कडाक्याच्या रात्री पहाटेच्या सुमारास ठिबक चालवणे आणि बांधावर ओलसर काडीकचऱ्याचा धूर करणे हे आमच्याकडचे रूढ उपाय आहेत. वारा असेल तर मात्र धूर शेजाऱ्याच्या उपयोगी पडतो, आपल्या नव्हे.

जळगावच्या केळीला पारा १० अंशांच्या आसपास रेंगाळला की वाढ खुंटते आणि निसवणीच्या वेळी, म्हणजे घड बाहेर पडताना, ते अडकतात. गहू आणि हरभरा यांना तीच थंडी मानवते. निफाडमध्ये एकाच बांधाच्या अलीकडे द्राक्षवाला हळहळत असतो आणि पलीकडे गहूवाला खुशीत असतो, हे चित्र दर हिवाळ्यात दिसते. कोकणात आंब्याला मोहोर येण्यासाठी थंडी हवीच, परंतु मोहोर फुटल्यावर आठवडाभर मळभ राहिले तर तुडतुडे आणि भुरी यांची फवारणी पुढे ढकलू नये. आपल्या जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो आणि 'मेघदूत' ॲपवर मराठीतही वाचता येतो.

मुंबईत खरोखर थंडी पडते का?

पडते, पण बेताची. कुलाबा तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेले असल्याने तेथील पारा सांताक्रूझपेक्षा बहुधा काही अंशांनी वर असतो, आणि 'मुंबईत थंडी' ही बातमी सांताक्रूझच्या आकड्यावर चालते. तेथील नीचांक ७.४ अंश असून तो २२ जानेवारी १९६२ चा आहे. तुलनेसाठी, पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ आणि नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश नोंदले गेले. मुंबईकरांनी अंदाजात वाऱ्याची दिशा पाहावी. पूर्वेचा वारा टिकून राहिला आणि समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुरू झाला, तर सकाळी १६ आणि दुपारी ३४ असा दिवस जानेवारीतही येतो.

ला निना आहे म्हणजे यंदा कडाक्याची थंडी पडणार, हे बरोबर का?

एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. ला निनामुळे, म्हणजे प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय भागातील पाणी नेहमीपेक्षा थंड होण्यामुळे, संपूर्ण हंगामाचा कल थोडा झुकू शकतो. येत्या आठवड्याचे हवामान मात्र झंझावात, वारा आणि ढग हेच ठरवतात.

मोबाइलवरील दोन ॲप दोन आकडे दाखवतात. कोणते खरे मानावे?

बहुतेक ॲपमधील आकडा संगणकीय प्रारूपातून थेट आलेला असतो. प्रारूप जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला एकच तापमान देते. भारताने मे २०२५ मध्ये वापरात आणलेल्या प्रारूपातील चौकोन ६ किलोमीटरचे आहेत, त्याआधी ते १२ किलोमीटरचे होते. सहा किलोमीटरमध्ये आमच्या तालुक्यात डोंगर, नदी आणि बाजारपेठ असे तिन्ही मावते, त्यामुळे ॲपमधला आकडा यांपैकी एकाचाही नेमका नसतो. म्हणून मी जिल्ह्याचा शासकीय अंदाज प्रमाण मानतो आणि ॲपचा उपयोग चढ-उतार पाहण्यापुरता करतो. 'पुढील दहा दिवस रक्त गोठवणारी थंडी' अशा एकाने दुसऱ्याला पाठवलेल्या संदेशांवर तारीख आणि जिल्हा नसेल, तर तो संदेश मागच्या वर्षीचाही असू शकतो.

थंडी गेली असे नक्की केव्हा समजावे?

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यानंतर दुपारचा पारा ३२-३३ वर जाऊ लागला, की बाजारात लोकरी कपड्यांचे ढीग आवरले जातात. पहाटेचा पारा मात्र तेव्हाही अधूनमधून १० अंशांपर्यंत उतरतो, कारण झंझावात मार्चपर्यंत येतच राहतात. आमच्याकडे शेवटची गाडी वजनकाट्यावर लागून बागेतला माल निघेपर्यंत बांधावरचा तापमापक काढत नाहीत.